गावपळणीत मालवण

मालवण आमच्या घरापासून एसटीने तासाभराच्या आत आहे. इतकं जवळ, की ते बघायचंही असतं हे आम्हाला कधी सुचलं नाही. मालवणला जायचं ते दाढ दुखते म्हणून, पाहुण्यांसाठी मासे आणायचे म्हणून, फार तर मुलीच्या शाळेचे बूट घ्यायचे म्हणून. सासूबाईंनी साठी ओलांडली, तरी समुद्रातला किल्ला त्यांनी जेटीवरूनच पाहिलेला. "तो खंय पळान जाता?" असं म्हणून प्रत्येक वेळी त्या पिशव्या सावरत परतीची गाडी धरायच्या. अशा घरातली आम्ही पाच माणसं एका डिसेंबरात बॅगा भरून मालवणला राहायला गेलो, आणि तेही हौसेने नाही. देवानेच आम्हाला गावाबाहेर काढलं होतं.

आमच्या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवतेचा कौल झाला की ठरलेल्या दिवशी दुपारी ढोल वाजतो आणि अख्खं गाव घरं बंद करून वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. मागे चूल धुमसती ठेवायची नाही, दिवा ठेवायचा नाही. तीन रात्री गाव देवाचं. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी पायी देवळात जातात, देवाला विचारतात, आणि देवाने हो म्हटलं तरच ढोल वाजून गाव परत भरतं. तोवर सगळे व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या बांधून राहतात. माझं माहेर वालावलचं, तिथे असलं काही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या गावपळणीला मी कपाळावर हात मारून घेतला होता, आणि परत निघताना मलाच रडू येत होतं, इतकी मजा आली होती.

या वेळी मात्र मजा कुणाला सुचत नव्हती, कारण बाबा.

बाबा म्हणजे माझे सासरे. पावसाळ्यात खळ्यातल्या शेवाळावर त्यांचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडही चांगलं जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता काम तुमचं, रोज चाला, नाही चाललात तर पाय असाच राहील. चालायला वॉकर दिला. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, घोडो. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत, तेही मधलं दार ओढून घेऊन, एवढीच त्या घोड्याची धाव. कुणी भेटायला आलं की घोडो खाटेखाली आणि बाबा उशीला टेकून, जणू काय नुकतेच बागेतून येऊन बसलेत. मी शाळेत चाळीस पोरांना वळण लावते, पण या एका माणसापुढे माझं काही चालेना. गोड बोलून झालं, रागावून झालं, नातीला पुढे करून झालं. "उद्यापासून चलतंय," एवढंच उत्तर.

त्यातून गावपळण जाहीर झाली. आमच्या घराण्याकडे गाऱ्हाण्याचा मान आहे. चौथ्या दिवशी देवापुढे उभं राहून, गावाच्या वतीने, मोठ्या आवाजात देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक बोलण्यानंतर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यांचे वडील गेल्यापासून हे गाऱ्हाणं बाबाच घालतात. ते बसून घालत नाहीत. शिवाय कौल होईपर्यंत वेशीच्या आत गाडी न्यायची नाही, म्हणजे व्हाळापासून देवळापर्यंतची चढण पायीच चढायची. बाबांचे चुलतभाऊ, आमचे चुलतकाका, एक दिवस घरी आले. बिचारे अगदी मायेने म्हणाले, "दादा, तू काय काळजी करू नको. यंदा गाऱ्हाणा मी घालतंय."

बाबा "बरा" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायलाही उठले नाहीत. स्वयंपाकघरात आई, म्हणजे सासूबाई, मला हळूच म्हणाल्या, "ह्या वर्षी हो थंय उभो रवलो नाय, तर मगे हो उठूचोच नाय. बघ तू." आई उगाच घाबरवणाऱ्यांतल्या नाहीत.

झोपडीत बाबांना नेणं शक्यच नव्हतं. जमिनीवरचं अंथरूण, शौचाला माळ. मग मीच डोकं चालवलं आणि सांगून टाकलं की आपण मालवणला राहायचं. नवरा आधी "बघूया" म्हणाला, म्हणजे तो कधी बघणार नव्हता. बाबा भडकलेच. "गावपळणीत लॉजवर जावन रवतलो? लोक तोंडात श्याण घालतीत माझ्या!" मी म्हटलं, देवाने वेशीबाहेर राहायला सांगितलंय, मालवण वेशीबाहेरच आहे. माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने चिवल्याच्या किनाऱ्यावर एका मावशींच्या घरी दोन खोल्या मिळाल्या, तळमजल्यावरच्या, आत कमोड असलेल्या. डिसेंबरात मालवणला तशा खोल्या मिळणं म्हणजे नशीबच. गुरं आणि कोंबड्या चुलतकाकांकडे सोपवल्या, घोडो डिकीत टाकला आणि शनिवारी दुपारी ढोलाच्या आवाजात आम्ही निघालो. गाडीत बाबा पुणे-मुंबईच्या पर्यटकांवर तोंडसुख घेत होते. आपणही आता त्यांच्यातलेच हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पहिल्या रात्रीच्या जेवणात खरी पंचाईत झाली ती आईंची. मावशींनी पडवीत पानं मांडली. सुरमईचे तळलेले तुकडे, तिसऱ्यांचं सुकं, बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, भात, सोलकढी. आम्ही बसलो. आई बसल्या आणि उठल्या. पाणी आणायला उठल्या, मीठ आणायला उठल्या, काही नाही तर भात वाढून देऊ का विचारायला उठल्या. आधीच्या सगळ्या गावपळणींत झोपड्यांतल्या तीन दगडांच्या चुलीवर पंधरा-वीस माणसांचं रांधलं ते त्यांनीच. शेवटी मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमी उठलास तर मी वाढूचंय नाय. बसा बघया." आई नव्या सुनेसारख्या गुपचूप बसल्या. पहिला घास घेतला आणि मग शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या घरात स्वयंपाकाला याहून मोठी पावती नाही. ताट पुसून खाल्ल्यावर म्हणाल्या, "कोणीतरी वाढलेला गरम गरम खावक किती बरा लागता गो." हे ऐकून मला इतकं भरून आलं की मी तोंड फिरवून मुलीच्या ताटातले काटे काढत बसले. काटे तिने स्वतःच काढलेले होते.

बाबांनी मात्र खोलीतच जेवून घेतलं. पडवीत इतर पाहुणे होते ना.

रविवारी सकाळी मुलगी ओरडत आली, "आजो, रापण लागली!" रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येतात, दोन टोकांचे लांब दोर किनाऱ्यावर असतात, आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा ते दोर हळूहळू ओढत जाळं काठाला आणतात. नवरा आणि मी बाबांना दोन्ही बाजूंनी धरून, अक्षरशः उचलून, पुढच्या माडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत नेऊन बसवलं. घोडो नेऊ का म्हणून विचारलं, तर बाबांनी असं बघितलं की मी तो पडवीतच ठेवला.

दोराला रापणकरांबरोबर पर्यटकही लागले होते. कुणी गॉगल लावून, कुणी एका हातात मोबाइल धरून. आमची मुलगीही फ्रॉक खोचून मध्येच घुसली. बाबांचं धावतं समालोचन सुरू झालं. "ह्येंका ओढूक येता खंय? नुसते लोंबाकळतत! अरे पाय रोव, पाय! तो बघ, फोटो काढता. जाळा इला तर ह्येच्या फोटोत येतला!" बाबा शेतकरी माणूस, भात आणि काजू यांत जन्म गेला, पण लहानपणी मामाकडे शिरोड्याला रापण ओढलेली, त्यामुळे त्यांना अधिकार होताच. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी ते कुणावर तरी ओरडत होते.

जाळं सरकत होतं तसा दोरही सरकत होता. सरकता सरकता तो बाबांच्या खुर्चीच्या अगदी पुढ्यात आला, कमरेएवढ्या उंचीवर, ताणलेला. बाबांनी बोलता बोलता एक हात त्यावर ठेवला. मग दुसरा. मग मी बघते तर खुर्ची रिकामी.

घोडो आणायला मी पडवीकडे वळले, तर आईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. "गप रव," म्हणाल्या.

बाबा दोर धरून उभे होते. पुढचा रापणकर मागे न बघताच ओरडला, "काकानू, ताण धरा!" आणि बाबांनी ताण धरला. रांग एक पाऊल मागे सरकली की बाबा एक पाऊल सरकत होते. वाळूत पाय रुतत होता, दुखऱ्या पायावर ते झुकत होते, पण त्या रांगेत झुकत नव्हतं कोण? सगळेच वाकलेले, सगळेच धडपडत, सगळ्यांनीच दोराचा आधार घेतलेला. लंगडणारा म्हणून त्यांच्याकडे बघायला एकालाही सवड नव्हती. इतके दिवस औषध, व्यायाम, माझी बडबड यांनी जे झालं नाही ते त्या दोराने केलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो बाबांच्या मागे जाऊन दोराला लागला होता, ते पडलेच तर धरता यावेत म्हणून, आणि मान खाली घालून रडत होता. मीही रडले, लपवलं वगैरे नाही.

जाळं काठाला आलं तेव्हा बाबा घामाने निथळत होते. चिवल्यावर काय आणि शिरोड्याला काय, दोराला हात लावला त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही रीत आहे. एका रापणकराने आमच्या मुलीच्या टोपीत दोन ओंजळी पेडवे आणि वर चार बांगडे टाकले. "आजोबांचो वाटो," म्हणाला. त्याला आम्ही कोण, कुठले, बाबांना काय झालंय, काही माहीत नव्हतं. तो पुढच्या माणसाकडे वळलासुद्धा. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले, अजूनही आठवण झाली की जोडते.

दुपारी मावशींनी ते पेडवे कुरकुरीत तळले. बाबा पडवीत सगळ्यांच्या पंक्तीला बसले. शेजारच्या पानावरच्या अनोळखी पाहुण्यांना आग्रह करकरून आपल्या वाट्याचे मासे वाढत होते. "खावा हो, सकाळीच ओढललंय." जणू काय सगळी रापण त्यांनी एकट्यानेच ओढली होती. पाच वाजता चहा झाला आणि ते नवऱ्याला म्हणाले, "तो घोडो जरा हाड हय." घोडो आणायला सांगत होते, तेही आपणहून. आम्ही कुणीच काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी तिथेच तो परत पाठवला असता. संध्याकाळी घोडो पडवीपासून माडापर्यंत चार वेळा जाऊन आला.

सोमवार. सोमवारी आम्ही शिवराक, म्हणजे मासे-मटण बंद. मालवणात फिरायला येऊन नेमका सोमवार पाळणारे आम्हीच. बाजूच्या पानांत खेकड्यांचा रस्सा आणि आमच्या पानात आंबोळ्या नि काळ्या वाटाण्याची उसळ. बाबा उसळीकडे बघत होते, कान मात्र खेकडे फोडण्याच्या आवाजाकडे होते. आईंनी दोन आंबोळ्या जास्तच खाल्ल्या, कारण उठायचं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही किल्ला बघितला. बाबा होडीत चढणार नव्हते, ते नवऱ्याबरोबर जेटीवर थांबले. मी, आई आणि मुलगी निघालो. होडी हलली तशी आईंनी माझा दंड धरला. पण किल्ल्यात पाय ठेवल्यावर त्यांना कुणी धरायला नको होतं. तटावर चढल्या आणि मालवणकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बंदर, होड्या, माडांच्या मागे लपलेली घरं. "आमचा मालवण हयसून कसला सुंदर दिसता गो!" म्हणाल्या. "इतकी वर्षा मी उलट्या बाजूनच बघत रवलंय." मग मलाच विचारलं, "तुका वेळ आसा मा? की जावक होया?" मी म्हटलं, आज आपल्याला कुठेच जायला नको. माझ्या या सासूला निवांत उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. देवाने गाव बंद केलं नसतं, तर तेही घडलं नसतं.

होडी परत आली तेव्हा बाबा जेटीच्या टोकाला, भर गर्दीत, घोडो धरून उभे होते. "किती वेळ लावलास!" म्हणून वर आम्हालाच रागावले. नवऱ्याने हळूच सांगितलं, सगळी जेटी ते तीनदा चालले होते. इथे त्यांना ओळखणारं कुणीच नव्हतं, म्हणून ते सोपं होतं. उद्या मात्र गाव होतं. सगळ्या ओळखीच्या नजरा, आणि ती चढण. झोपताना आई देवाचं नाव घेत होत्या, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही व्हाळाजवळ पोचलो. सगळं गाव झोपड्या सोडून वेशीपाशी येऊन थांबलेलं. मानकरी आंघोळी करून अनवाणी उभे. चुलतकाका नवं धोतर नेसून तयार होते. गाडी बघून ते पुढे आले. बाबांनी दार उघडलं. मला वाटलं, आता बसल्या जागेवरूनच आशीर्वाद देतील आणि संपेल सगळं. त्यांनी चपला काढून गाडीतच ठेवल्या आणि मोठ्याने म्हणाले, "गो, माझो घोडो दी."

मी वॉकर उघडून पुढ्यात ठेवला. त्याची ती टकटक सगळ्या गावाने ऐकली. बाबा उभे राहिले. काकांनी एकदा दादाकडे बघितलं, मग घोड्याकडे, आणि बाजूला झाले. बाबा सर्वांत पुढे, घोडो उचलत आणि टेकवत, आणि मागून बाकीचे मानकरी आपली पावलं आखूड करून. वळणापर्यंत दिसले, मग काजीच्या झाडांआड गेले. नवराही त्यांच्यामागे गेला. आम्हा बायकांना आणि पोरांना तिथेच थांबायचं होतं.

रिकामं गाव किती गप्प असतं ते असं वेशीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कोंबडा नाही, कुत्रं नाही, गिरणी नाही. आम्ही सगळ्या कान देऊन उभ्या. खूप वेळ गेला. मला भलतंसलतं सुचायला लागलं. चढणीवर बसले असतील, पडले असतील, मीच बळेबळे मालवणला नेऊन नसती उमेद दिली त्यांना. आई डोळे मिटून उभ्या होत्या. आणि मग वरून, अगदी स्पष्ट, आवाज आला.

"बा देवा म्हाराजा!"

काकांचा आवाज बारीक आहे. हा नव्हता. हा आमचा, जाड, खरखरीत, सकाळी उठून मला चहा उकळला का विचारणारा आवाज.

"तुझी लेकरां आज वेशीभायर उभी रवली आसत, म्हाराजा!"

वर देवळात मानकरी "व्हय म्हाराजा" म्हणाले असतील, पण ते मला ऐकू आलं नाही, कारण इथे व्हाळावर सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या होत्या, "व्हय म्हाराजा!" आईंचा आवाज सर्वांत मोठा. एरवी त्या कधी मोठ्याने बोलत नाहीत.

गाऱ्हाणं संपलं. आता ढोलाची वाट. पोरांनी बोचकी उचलली, गुरं सोडली. ढोल काही वाजेना. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावतात आणि कुठली आधी पडते त्यावरून देवाचं म्हणणं कळतं. शेवटी काका चढण उतरत आले आणि मान हलवत म्हणाले, "देवान एक दिस वाढवल्यान. आज नाय. उद्या परत कौल लावूचो."

एकच गलका झाला. गुरांचा चारा संपलेला, पोरांचे कपडे मळलेले, कुणाला कामावर हजर व्हायचं होतं, मला शाळेत. मी काकांना विचारलं, बाबा कुठायत? "येता," म्हणाले. "कोणाक धरूक देणा नाय."

बाबा सर्वांत शेवटी आले. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद, श्वास लागलेला. मी पाणी पुढे केलं. ते त्यांनी उभ्यानेच प्यायलं. मग आईंकडे वळून, मोठी तक्रार सांगावी तसे म्हणाले, "दोनदा इचारलंय. नाय म्हणता. म्हणजे उद्या माका परत ही सगळी चढण चढूची लागतली!"

गाडीत बसेपर्यंत वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी थांबवून हेच सांगितलं.